जिंकत आलेला डाव शेवटी हातातून सुटतो, तुम्ही यावर काय केलंत?

प्यादं_पुढे

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली बुद्धिबळ खेळतोय, वय चाळीसच्या पुढे. लहानपणी मोहरे कसे चालतात तेवढंच माहीत होतं, हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, बस्स. मग मुलीला शिकवायला म्हणून पट काढला, ती आठ दिवसांत दुसऱ्या कशाकडे तरी वळली आणि मी मात्र पटापाशीच राहिलो. आता रोज रात्री लिचेसवर (ऑनलाइन बुद्धिबळाची साइट) दहा मिनिटांचा एक डाव, आणि तो झाला की लाकडी पटावर तोच डाव परत मांडून बघतो. हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षाही जास्त आवडायला लागलाय.

प्रश्न रेटिंगचा नाहीये, ते जिथे आहे तिथे आहे. प्रश्न असा की सुरुवात माझी बरी होते, मोहरे बाहेर येतात, किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची चाल) वेळेवर होतो, मधल्या डावात समोरच्याचं काहीतरी मिळतंच, आणि मग डाव जिंकत आलेला असताना तो सुटतो. एकदा दोनदा नाही, सारखं होतंय.

परवाचंच सांगतो. समोरच्याचा नुसता राजा उरलेला, एच८ च्या कोपऱ्यात (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). माझा वजीर जी५ वर आणि माझा राजा लांब, बी३ वर. मी वजीर जी६ वर नेला, डोक्यात एवढंच की आता ह्याला हलायला एकही घर ठेवायचं नाही. आणि खरंच एकही घर राहिलं नाही, पण शह पण नव्हता! स्टेलमेट. डाव बरोबरीत. बोट तसंच स्क्रीनवर टेकलेलं आणि मी त्या कोपऱ्यातल्या राजाकडे बघत बसलो. नियम मला माहीत होता हो, कुणी झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात एक घोडा जास्त होता माझ्याकडे. कुठेतरी ऐकलेलं की पुढे असलास की मारामारी करत सुटायचं, म्हणून समोर येईल ते मारत गेलो, मोहरे गेले, प्यादी पण गेली, आणि शेवटी माझा राजा आणि घोडा विरुद्ध त्याचा एकटा राजा. एकट्या घोड्याने मात होतच नाही. परत बरोबरी.

तर हे ज्ञान कमी पडतंय की लक्ष? आणि तुम्ही लोकांनी नेमका कशाचा सराव केलात? मला हा खेळ मनापासून आवडतो. पहिल्यांदा माझा घोडा सी७ वर बसला आणि ई८ चा राजा आणि ए८ चा हत्ती दोघांवर एकदम गेला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो होतो, घरात सगळे झोपलेले. ती चाल कुणी सांगितली नव्हती, ती मला दिसली होती. तसं शेवटच्या टप्प्यात पण दिसायला लागावं एवढीच इच्छा आहे.

अडीच_घरं

पहिल्या डावाबद्दल बोलतो कारण ती स्टेलमेट मला फार ओळखीची आहे, राजा-वजिराची मात शिकताना सगळे ह्याच घरात अडखळतात आणि त्याला कारण आहे.

पद्धत सोपी आहे. तुमचा वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर ठेवायचा. राजा जिकडे सरकेल तिकडे वजीर पण तसाच सरकवायचा, त्याची नक्कल करायची. शह द्यायचाच नाही. आपोआप राजाची जागा लहान होत जाते, जसं काही खोलीच्या भिंती आत येतायत, आणि तो कडेला जातो. इथपर्यंत नक्कल बरोबर आहे. पण राजा कोपऱ्यात गेला की थांबायचं! कारण कोपऱ्यापासून अडीच घरं म्हणजे हमखास स्टेलमेट. एच८ पासून घोड्याच्या अंतरावर दोनच घरं आहेत, जी६ आणि एफ७, दोन्ही ठिकाणी वजीर बसला आणि तुमचा राजा लांब असला की डाव बरोबरीत. म्हणजे तुमच्या हाताने सवयीने बरोबर तेच केलं जे तोपर्यंत बरोबर होतं, आणि एका चालीने उशीर झाला.

तुमच्या त्या डावात वजीर आधीच जी५ वर होता म्हणता ना, तिथे त्याला हात लावायची गरजच नव्हती. जी५ वरून तो जी ची अख्खी उभी रांग धरून बसलाय, एच६ पण धरलंय, काळा राजा फक्त एच८-एच७-एच८ एवढंच करू शकतो. त्याला करू द्या की. तुम्ही तुमचा राजा चालवत आणा, बी३ वरून सी४, डी५, ई६, एफ७. चार चाली. मग वजीर जी७ वर, मात. पाचव्या चालीला. पटावर मांडून बघा, मी लिहिताना मांडूनच लिहिलंय.

बाकी वजिराने मात कुठूनही जास्तीत जास्त १० चालींत होते आणि एकट्या हत्तीने जास्तीत जास्त १६, अर्थात दोन्हीकडून अचूक खेळलं तर. तुम्हाला वीस लागल्या तरी चालेल, नियमात ५० आहेत (तेवढ्या चालींत काही मारलं नाही आणि प्यादंही हललं नाही तरच बरोबरी). घाई कशाला.

शह_काटशह

वरचं सगळं मान्य, पण मला वाटतं मूळ दुखणं वेगळं आहे. प्रश्न तुम्ही स्वतःच लिहिलाय, "नियम मला माहीत होता". म्हणजे माहितीचा तुटवडा नाही.

डाव जिंकत आला की आपण समोरच्याकडे बघायचं सोडतो. जोपर्यंत डाव बरोबरीचा असतो तोपर्यंत प्रत्येक चालीला आपण विचारतो की हा आता काय करेल, ह्याने हे का खेळलं, आणि एकदा का वजीर जास्त झाला की ते विचारणंच बंद. मग फक्त आपलीच चाल, आपलीच चाल. स्टेलमेट म्हणजे तरी काय, समोरच्याला खेळायला चाल उरली आहे का एवढा एकच प्रश्न न विचारल्याची शिक्षा.

आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं समजू नका. २००६ मध्ये बॉनला व्लादिमिर क्रॅमनिक डीप फ्रिट्झ ह्या कॉम्प्युटरविरुद्ध खेळत होता, जगज्जेता होता तो त्या वेळी, दुसऱ्या डावात त्याने वजीर ई३ वर नेला आणि कॉम्प्युटरने लगेच एच७ वर वजीर आणून मात केली. एका चालीची मात. कुणाही शिकाऊ खेळाडूला कोड्यात दिली असती तर सापडली असती अशी. फरक एवढाच की कोडं देताना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं की इथे मात आहे, शोध. डावात तसं खांद्यावर हात ठेवून सांगणारं कोणी नसतं.

मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक चालीआधी समोरच्याच्या बाजूने तीन गोष्टी बघायच्या, त्याच्याकडे शह कुठला आहे, तो काय मारू शकतो, आणि धमकी काय देऊ शकतो. ह्याच क्रमाने. सुरुवातीला फार वेळ जातो, दहा मिनिटांच्या डावात तर घड्याळ संपायचंच माझं, पण दोन-तीन महिन्यांत डोळे आपोआप फिरायला लागले. आणि समोरच्याचा नुसता राजा उरला असेल तेव्हा चौथी गोष्ट, त्याला चाल आहे ना?

सातवी_रांग

दादा तुमच्या घोड्याच्या डावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. तो डाव मला वजिराच्या डावापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला.

"पुढे असलास की मारामारी कर" हे अर्धंच ऐकलंत तुम्ही. पूर्ण असं आहे की मोहरे मारा पण प्यादी राखा. घोडा जास्त असेल तर बाकीचे मोहरे निघून गेले की तो घोडा पटावर मोकळाच, त्याला अडवणारं कोणी नाही, तो समोरची प्यादी एकेक करून उचलतो आणि तुमच्या एखाद्या प्याद्याला शेवटच्या घरापर्यंत सोबत करतो. पण त्यासाठी प्यादं उरायला हवं ना. प्यादं संपलं की घोडा जास्त असून उपयोग शून्य. उलट मागे असलेल्याने काय करायचं, तर प्यादी मारत सुटायचं. म्हणजे त्या डावात तुम्ही नकळत समोरच्याच्या फायद्याचं खेळलात.

आणि प्यादी मोजल्याशिवाय शेवटचा मोहरा कधीच मारू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. २०२४ च्या जागतिक विजेतेपदाचा शेवटचा डाव आठवतोय का? सिंगापूर, १२ डिसेंबर, चौदावा डाव, गुकेश काळ्या मोहऱ्यांनी. त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं पण दोघांकडे हत्ती आणि उंट होते, आणि समोरचा डिंग लिरेन, तेव्हाचा जगज्जेता, नीट बसून राहिला असता तर डाव बरोबरीत जाणार असंच सगळे धरून चालले होते. तिथे ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला, हत्तीची मारामारी करा म्हणून. पण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. गुकेशने हत्ती मारला, राजाने परत मारला आणि मग गुकेशचा उंट डी५ वर. आता उंटाची पण मारामारी टाळता येत नाही, कोपऱ्यातल्या उंटाला दुसरी वाटच नाही. दोन्ही मोहरे गेले आणि राहिला प्याद्यांचा शेवट, त्यात एक प्यादं जास्त म्हणजे डाव संपला. ५८ व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. मी ते लाइव्ह बघत होते आणि गुकेशने पाणी प्यायला घेतलेला ग्लास, मग ते चेहऱ्यावर हात ठेवणं वगैरे सगळं नंतर आलं, मला आठवतं ते तो एफ२ वरचा हत्ती. तोवर मी प्याद्यांचे शेवट शिकायचे टाळत होते, कंटाळवाणे वाटायचे. त्या रात्रीपासून नाही टाळले.

तर माझं सांगणं, राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, एवढंच आधी शिका. आठवडाभर तेवढंच. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल ज्याची तो अडचणीत, ह्याला ऑपोझिशन म्हणतात. तुमचा राजा ई६ वर, प्यादं मागे ई५ वर, काळा राजा ई८ वर, इथे चाल कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतो. राजा पुढे, प्यादं मागे. पण प्यादं पुढे पळालं आणि राजा मागे राहिला तर समोरचा राजा सरळ मागे हटत जातो, शेवटी तुमचं प्यादं ई७ वर, राजा ई६ वर, त्याचा राजा ई८ वर आणि चाल त्याची, तर काय? स्टेलमेट! म्हणजे ज्या गोष्टीने तुमचा डाव घालवला तीच एक दिवस तुमचा डाव वाचवणार आहे. मला तर हरत असताना स्टेलमेटची वाट शोधायला फार मजा येते.

अजून एकच, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते. तुमच्याकडे एच चं प्यादं आणि एक उंट, समोर नुसता राजा. जिंकलो असं वाटतं ना? उंट पांढऱ्या घरांचा असेल आणि त्याचा राजा एच८ ला पोचला तर डाव बरोबरीत, काहीही करा, कारण एच८ काळं घर आहे आणि तुमचा उंट त्याला कधीच तिथून हुसकावू शकत नाही. एवढा मोठा मोहरा हातात आणि एका घराच्या रंगावर सगळं अडलेलं.

घड्याळवाला

सगळ्यांनी छान लिहिलंय, मला एकच विचारायचंय, दहा मिनिटांचा डाव म्हणजे दहा मिनिटं फक्त, की प्रत्येक चालीला वरचे सेकंद मिळतात?

फक्त दहा असतील तर मी म्हणेन आधी ते बदला. ३० व्या चालीपर्यंत छान विचार केला आणि शेवटी तीस सेकंद उरले की ऑपोझिशन कसली आणि मोजणं कसलं, हात आपोआप पळतो. १५ मिनिटं अधिक चालीला १० सेकंद असं खेळा. ही जादा सेकंदांची कल्पना जुना जगज्जेता बॉबी फिशरची, त्याने घड्याळाचं पेटंट घेतलं होतं आणि १९९२ मध्ये जुना प्रतिस्पर्धी स्पास्कीबरोबर परत खेळला तेव्हा तेच घड्याळ वापरलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या डावांइतकीच ही त्याची मोठी देणगी आहे, जिंकत आलेला डाव नुसत्या वेळेपायी जाऊ नये म्हणून केलेली. शह_काटशह जे तीन प्रश्न सांगतायत ते विचारायला मुळात श्वास घ्यायला जागा पाहिजे.

शह_काटशह

ह्यावर थोडा मतभेद. वेळ वाढवून बघितला मी, वेळ असला तरी जिंकत आलेल्या डावात आपण तो वापरतच नाही. माझे जुने डाव काढून बघितले तर चुकीच्या चाली तीन-चार सेकंदांत खेळलेल्या आणि घड्याळात पाच-सहा मिनिटं तशीच पडून. सेकंद मिळाले म्हणून माणूस थांबतो असं नाही, थांबायचं वेगळं शिकावं लागतं.

घड्याळवाला

ते बरोबर आहे, पण वेळच नसेल तर थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही ना. दोन्ही पाहिजे. मी पण माझे डाव तसे तपासून बघतो, कुठल्या चालीला किती वेळ घेतला ते. ही कल्पना आवडली.

प्यादं_पुढे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आठवडाभर थांबून मुद्दाम आज लिहितोय, करून बघितल्यावर.

अडीच_घरं, तुमच्या चाली लाकडी पटावर मांडल्या. वजीर जी५ वर ठेवला आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. राजा सी४. काळा राजा एच७. राजा डी५, काळा परत एच८. ई६, एच७. एफ७, एच८. आणि वजीर जी७. इतकं शांत होतं ते सगळं. वजीर कोपऱ्याजवळ नुसता उभा आहे आणि इतका वेळ मागे लपून बसलेला म्हातारा राजा अख्खा पट तिरका ओलांडून येतोय. मी ते पाच-सहा वेळा नुसतं बघण्यासाठी खेळलो. मग लिचेसच्या बोर्ड एडिटरमध्ये वेगवेगळ्या जागा मांडून कॉम्प्युटरशी खेळत राहिलो, पहिल्या दिवशी दोनदा स्टेलमेट झाली, नंतर नाही.

सातवी_रांग ताई, ते ई६-ई५ वालं दोन रात्री केलं. आधी वाटलं एकाच प्याद्यात काय एवढं, पण राजाने पुढे जायचं आणि प्याद्याने थांबायचं हे हाताला पटायलाच वेळ लागतो, हात प्यादंच पुढे ढकलायला बघतो. आणि काल खऱ्या डावात वेळ आली! माझ्याकडे हत्ती आणि दोन प्यादी, त्याच्याकडे हत्ती आणि एक. हत्तीची मारामारी करू शकत होतो. आधीचा मी असतो तर केलीच असती. काल थांबलो, घड्याळात चार मिनिटं होती (हो, आता १५ अधिक १० खेळतोय), प्यादी मोजली, राजे कुठे आहेत बघितलं, त्याच्या राजाला माझ्या प्याद्यासमोर पोचायला किती चाली लागतील ते बोटावर मोजलं. एक चाल कमी पडत होती त्याला. मग हत्ती मारला. बारा चालींनी माझ्या प्याद्याचा वजीर झाला आणि शेवटी त्याचा राजा कोपऱ्यात शिरला तेव्हा मी वजिरावरचं बोट उचललं, मोठ्याने म्हणालो "त्याला चाल आहे का?", आणि माझा राजा चालवत आणला.

शह_काटशह, जुने डाव तुम्ही सांगितलेत तसे काढले. वेळेचं तंतोतंत खरं आहे. जी६ ची ती चाल मी दोन सेकंदांत खेळलो होतो.

आता एकच विचारायचंय. घोडा आणि उंट मिळून मात होते म्हणतात, ती पण शिकायला घेऊ का? पट मांडलेलाच आहे.

सातवी_रांग

अरे वा, तो हत्तीचा डाव वाचून मस्त वाटलं! डावाची लिंक टाका जमलं तर.

घोडा-उंटाची शिका जरूर पण आत्ता नको. ती अचूक खेळूनही ३३ चालींपर्यंत जाऊ शकते, चुकत गेलं तर ५० चालींचा नियम आडवा येतो, आणि मात फक्त उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच जबरदस्तीने करता येते, म्हणजे राजाला चुकीच्या कोपऱ्यातून बरोबर कोपऱ्यात हाकत न्यायचं. मी इतकी वर्षं खेळते, खऱ्या डावात एकदाही आली नाही. आधी एकट्या हत्तीची मात डोळे मिटून यायला हवी, ती तुम्हाला याच महिन्यात लागेल.

अडीच_घरं

हत्तीचीच घ्या आधी. त्यात पण ऑपोझिशनच आहे, राजासमोर राजा आला की हत्तीने शह. काळा राजा ई५ वर, तुमचा ई३ वर, हत्ती ए१ वर मांडा आणि तिथून सुरू करा, अडलात तर कुठल्या चालीला अडलात ते इथे लिहा.